हेलकावणारं इंजिन : वॅटच्या गोळ्यांपासून इंजेक्टरपर्यंत

आज आपण एका बिघाडाचा इतिहास बघणार आहोत. यंत्रांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले, बिघाडांचे फारसे कोणी लिहीत नाही.

बिघाड साधा आहे. इंजेक्शनवाली स्कूटर स्टँडला लावून चालू केली, किंवा छोटा जनरेटर सुरू केला. ॲक्सिलरेटरला कोणाचा हात नाही, तरी रेस आपोआप चढते, उतरते, पुन्हा चढते. गॅरेजमध्ये म्हणतात, 'इंजिन हंटिंग करतंय.' मग बहुतेक वेळा काय होतं? एक सेन्सर बदलला जातो, मग दुसरा, आणि शेवटी इसीयू. गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात आणि हेलकावा तसाच राहतो.

आता मागे जाऊ. लंडनच्या आल्बियन मिल्समध्ये जात्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर सांभाळणारी फिरत्या गोळ्यांची एक युक्ती मॅथ्यू बोल्टनने पाहिली आणि १७८८ मध्ये आपला भागीदार जेम्स वॅट याला कळवली. वॅटने ती वाफेच्या इंजिनाला जोडली. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप मिटू लागते. वेग कमी झाला की गोळे खाली येतात, झडप उघडते. हा गव्हर्नर.

गंमत अशी, की सुरुवातीची ही इंजिनं फारशी हेलकावत नव्हती. गव्हर्नर हेलकावू लागले ते पुढे एकोणिसाव्या शतकात, यंत्रं *सुधारल्यावर*. याचं नेमकं कारण इव्हान विश्नेग्राद्स्की या रशियन प्राध्यापकाने १८७६ च्या सुमारास मांडलं. (हे गृहस्थ पुढे रशियाचे अर्थमंत्री झाले, हे जाता जाता.) इंजिनांचा वेग वाढला आणि फ्लायव्हील हलकं झालं. झडपा मोठ्या झाल्या, त्या हलवायला गोळे जड करावे लागले. लेथकाम सफाईदार झालं, त्यामुळे घर्षण कमी झालं. यातली प्रत्येक गोष्ट सुधारणाच, पण प्रत्येकीने इंजिन जास्त अस्थिर केलं. जुन्या ओबडधोबड सांध्यांतलं घर्षण गोळ्यांना आवर घालत होतं, हे ते गेल्यावर कळलं.

त्याआधीही काही जण इथे येऊन गेले होते. ग्रिनिचचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांना दुर्बिणीने ताऱ्यामागे एकसारखं फिरायला हवं होतं. त्यांच्या यंत्राचा गव्हर्नर बेफाम झाला, तेव्हा १८४० मध्ये त्यांनी त्याचं गणित मांडलं. १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गव्हर्नरांवर निबंध लिहिला आणि हेलकावा विरणार की वाढत जाणार, हे समीकरणांवरून सांगितलं. निबंध अवघड होता, कारखान्यांत तो पोचला नाही. विश्नेग्राद्स्की पोचले, कारण त्यांनी इंजिनियरला कळेल असं लिहिलं. आमच्या मते श्रेयाच्या यादीत त्यांचं नाव आणखी वर हवं.

पण हेलकावा मुळात का होतो? गीझरचं पाणी आठवा. नळ फिरवला, पाणी अजून गारच, म्हणून आणखी फिरवला. तेवढ्यात कढत पाणी आलं, म्हणून उलटा फिरवला, तर एकदम गार. नळ खराब नाही, आपला हातही खराब नाही. दुरुस्ती आणि तिचा परिणाम यांच्यात वेळ जातो, आणि त्या वेळात आपण जास्तीची दुरुस्ती करून बसतो.

आता आपल्या काळात येऊ. बॉशची इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवागेनच्या गाडीत आली. १९७६ मध्ये व्होल्वोने धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवला. हा सेन्सर 'पेट्रोल जास्त' किंवा 'पेट्रोल कमी' एवढंच सांगतो, त्यामुळे इसीयू मिश्रण सतत किंचित वरखाली करत राहतो. म्हणजे बारीक हेलकावा इथे मुद्दाम ठेवलेला आहे. तो कानाला जाणवू नये एवढंच. आणि स्कूटरचं इंजिन एका सिलेंडरचं, फ्लायव्हील हलकं. विश्नेग्राद्स्कींनी हेच सांगितलं होतं ना!

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. स्क्रू फिरवत कानाने रेस लावणाऱ्या मेकॅनिकला सांगितलं गेलं, की आता तुमच्या कानाचं काम संपलं, कॉम्प्युटर लावा. आम्हाला हे पटत नाही. कॉम्प्युटर कोड दाखवतो. हेलकाव्याची लय कानालाच कळते.

एक उदाहरण घेऊ. गरम इंजिन, थ्रॉटल पूर्ण बंद, आणि रेस ठरावीक तालात चढते-पडते. थ्रॉटल बॉडीच्या पुढच्या रबरी नळीला चीर आहे, तिथून हवा शिरते. रेस चढते. इसीयू बघतो : थ्रॉटल बंद आहे, तरी वेग जास्त, म्हणजे गाडी उतारावर असणार. तो पेट्रोल तोडतो. रेस कोसळते, तो पेट्रोल पुन्हा सोडतो. रेस पुन्हा चढते. इसीयू अगदी शहाण्यासारखा वागतोय, त्याला मिळालेली बातमी खोटी आहे. तो बदलून काय होणार?

म्हणून आधी त्या नळीवर आणि सांध्यांवर पाण्याचा हलका फवारा मारून बघा. रेस बदलली तर हवा तिथूनच शिरतेय. मग पेट्रोलचा दाब मोजा. बऱ्याच छोट्या इंजिनांत तो ३ बारच्या आसपास असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. टाकीतला फिल्टर तुंबला की दाब पडतो. ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर काढल्यावर हेलकावा थांबला, तरी लगेच सेन्सरला दोष देऊ नका. सायलेन्सरचा सांधा सेन्सरच्या अलीकडे फुटका असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर तीच मोजतो.

जनरेटरवर मात्र कधी कधी यांत्रिक गव्हर्नरही असतो, म्हणजे वॅट आणि बॉश एकाच इंजिनावर. तिथे लिंक हाताने हलवून बघा. ती अडकत-अडकत सरकत असेल, तर ते विश्नेग्राद्स्कींचं उपकारी घर्षण नव्हे. सरकताना सारखा विरोध करणारं घर्षण हेलकावा विझवतं. अडकून मग एकदम सुटणारी लिंक उशीर करते आणि तो वाढवते. ती साफ करा, स्प्रिंग मूळच्या भोकात आहे का बघा, आणि मग लोड टाकून पुन्हा ऐका.