रोहिणीत बसून एक रविवार

मलकापूरला गाडीत चढता तेव्हा तारीख आहे १६ एप्रिल १९७१, शुक्रवार. खिशातला मोबाइल नाहीसा झालाय आणि त्या जागी जाड पुठ्ठ्याचं तिकीट आलंय. मनमाडला गाडी बदला, दौंडकडची धरा, फडक्यातली भाकरी आणि ठेचा नगरच्या आधी संपवा. ग्लायडर उडताना पाहायचं तर बुलढाणेकराला एवढं लांब यावंच लागतं.

शनिवारी सकाळी हडपसरच्या सासवड रस्त्यावर ग्लायडिंग सेंटरमध्ये शिरता आणि थोडी निराशाच होते. नुसता माळ. इंजिनाची घरघर नाही, गडबड नाही. चार-पाच जण एक ग्लायडर हातांनी ढकलत आणताहेत. तुमची चौकशी नंतर. आधी पंखाचं टोक तुमच्या हातात येतं. "नुसतं तोलून धरा. सुटलं की बरोबर धावा, ओढू नका." या खेळात उडणं थोडं आणि ढकलणं फार, आणि तक्रार कुणाचीच नाही.

ग्लायडरचं नाव रोहिणी. अंग बहुतेक लाकडाचं, दोन आसनं शेजारी-शेजारी. दिल्लीत सफदरजंगला नागरी विमान खात्याचं तांत्रिक केंद्र आहे, तिथलं हे काम. पहिलं उड्डाण १९६१ सालचं. हिच्याआधी १९५८ मध्ये अश्विनी उडाली होती. मग भरणी, मग एस. रामामृतम यांनी आखलेलं एकट्याचं कार्तिक, आणि गेल्याच वर्षी मृगशीर. तुम्ही बोटांवर मोजू लागता. कार्तिकला कृत्तिकेच्या जागी धरलं तर नक्षत्रंच ही, आणि तीही ओळीनं! पंचांग न पाहता पेरणीचा दिवस सांगणाऱ्या घरातला माणूस इथे परका राहत नाही. तुमच्या बुलढाण्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या घटमांडणीवरून पावसाचं भाकीत होतं, ते इथल्या उडायला शिकवणाऱ्या सरांना सांगा. हसतील, पण ऐकतील नक्की. आभाळ वाचण्याची गरज त्यांनाही तेवढीच आहे.

सर डावीकडे, तुम्ही उजवीकडे. पट्टे आवळले. माळाच्या पार दुसऱ्या टोकाला विंच आहे: मोठं इंजिन, त्यावर पोलादी तारेचं रिळ. निशाण हललं. तार गवतातून सरकत ताणली गेली, एक हिसका बसला, पंख धरून धावणारा माणूस मागे पडला. आणि मग नाक असं वर उठतं की समोर फक्त आकाश उरतं. पतंग ओढून चढवावा तसे तुम्ही चढता, पाठ आसनात रुतलेली. तीनेकशे मीटरवर सर मूठ ओढतात. खट्ट! तार सुटली.

आता फक्त वाऱ्याची सळसळ. खाली मुठेचा कालवा, रेल्वेचे रूळ, सोलापूर रस्त्यावरचे मोजके ट्रक. मगरपट्ट्याचे मनोरे शोधू नका, तिथे अजून ऊस आहे. दक्षिणेला दिवे घाटाची रांग. डोळे भरून पाहावं म्हणता तोवर जमीन जवळ येते. हवेनं हात दिला नाही तर हा सगळा पाच-सात मिनिटांचा कारभार. उतरलात की पुन्हा ढकला.

खरी मजा रविवारी दुपारी. पलीकडच्या नांगरलेल्या रानात वावटळ उठते. सर विचारतात, "आता कुठे जायचं?" तुम्ही न चाचरता वावटळीकडे बोट दाखवता. ओलित केलेला ऊस गार असतो, उघडं वावर तापतं आणि तापलेल्या वावरावरची हवा वर सुटते, हे तुम्हाला पायांनी ठाऊक आहे. ग्लायडिंगवाले तिला थर्मल म्हणतात. तिथेच दोन घारी पंख न हलवता गिरक्या घेताहेत. त्यांच्याखाली शिरता, आसन खालून उचललं जातं, चढ-उतार दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरचा काटा शून्य ओलांडून वर जातो. "वळा, वळतच राहा. बाहेर पडलात की संपलं." एक बाजू कलती ठेवून चकरा सुरू. विंचनं दिलेली उंची केव्हाच मागे पडली. घारी आता समोर, बरोबरीनं. इंधनाचा थेंब न जाळता, निव्वळ उन्हाच्या जिवावर. मला विचाराल तर विमानविद्येत याहून कष्टकरी माणसाला समजेल असं दुसरं काही नाही.

संध्याकाळी हँगरची दारं लागतात. सरांशी पुढच्या ग्लायडरबद्दल, आर्द्राबद्दल, बोलू नका, ती १९७९ मध्ये उडायची आहे. तुम्ही पुढच्या काळातून आलात म्हणून एवढं माहीत: आर्द्रापाशी ही मालिका थांबली, पुनर्वसू काही आली नाही. पाऊस असा मध्येच थांबला तर बुलढाण्यात दुबार पेरणी करतात. दिल्लीत ती कुणी केली नाही.