दोन औषधांची गांठ

मराठवाड्याच्या इतिहासांत इ. स. १९५६ हें वर्ष महत्त्वाचें होय. त्या वर्षीं औरंगाबादेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें, आणि १ नोव्हेंबर रोजीं हा मुलूख हैदराबाद राज्यांतून मुंबई राज्यांत आला. जालना तेव्हां औरंगाबाद जिल्ह्यांतील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा तो १ मे १९८१ रोजीं झाला. त्याच १९५६ सालीं लंडनमध्यें रॉइट, डोनियाक प्रभृति संशोधकांनीं एक शोध प्रसिद्ध केला. जपानी वैद्य हाशिमोटो यांनीं १९१२ सालीं वर्णिलेल्या गलगंडांत शरीर आपल्याच थायरॉइड ग्रंथीविरुद्ध प्रतिद्रव्यें निर्माण करितें, असें त्यांस आढळलें. कुंपणानेंच शेत खावें, तसा हा प्रकार होय.

निकामी ग्रंथीचा रस बाहेरून पुरवावा, ही कल्पना मात्र याहून जुनी आहे. १८९१ सालीं न्यूकॅसल येथें डॉ. मरे यांनीं मेंढीच्या थायरॉइडचा अर्क ४६ वर्षांच्या एका स्त्रीस टोचला. ती पुढें २८ वर्षें जगली. पुढें १९४२ सालीं अमेरिकेंत गाभण घोडींच्या मूत्रापासून काढलेलें इस्ट्रोजेन रजोनिवृत्तीच्या त्रासावर विक्रीस आलें. त्याचा बोलबाला साठ वर्षें टिकला. २००२ सालीं १६,६०८ स्त्रियांवरील चाचणी मुदतीपूर्वींच थांबवावी लागली. संयुक्त गोळ्यांनीं स्तनाचा कर्करोग, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या यांचें प्रमाण वाढल्याचें दिसलें. त्या स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें, हें विसरून लोकांनीं भाबड्या विश्वासाच्या जागीं सरसकट भीति बसविली.

आमच्या मतें खरा प्रश्न या दोहोंच्या मधला आहे: हें औषध कोणास, आणि कोणत्या वाटेनें? २००१ सालीं अराफा यांनीं दाखविलें कीं, इस्ट्रोजेनची गोळी सुरू केल्यावर थायरॉक्सिन घेणाऱ्या कित्येक स्त्रियांस तें अपुरें पडूं लागतें. पोटांतून गेलेलें इस्ट्रोजेन यकृताकडून थायरॉक्सिन बांधून ठेवणारें प्रथिन अधिक तयार करवितें. निरोगी ग्रंथि ही तूट भरून काढते. रोगग्रस्त ग्रंथीस तें साधत नाहीं. त्वचेवरील पट्टीनें हा परिणाम फारसा होत नाहीं. ल्युपस या स्वप्रतिकारविकाराच्या ३५१ स्त्रियांवरील चाचणीचा निष्कर्ष २००५ सालीं आला: तीव्र उठाव लक्षणीय वाढले नाहींत, सौम्य मात्र वाढले. पण रक्त गोठविणारीं प्रतिद्रव्यें ठळकपणें आढळलेल्या स्त्रियांस त्या चाचणींत घेतलेंच नव्हतें; म्हणून तो दिलासा त्यांच्यासाठीं नव्हे.

भोकरदन वा मंठा येथील एखादी गृहिणी थायरॉइडची गोळी एका डॉक्टरकडून व रजोनिवृत्तीची दुसऱ्याकडून घेते. पुढें थकवा आला, अंग जड झालें, तर घरचीं माणसें वयाकडे बोट दाखवितात. वस्तुतः नवी गोळी सुरू झाल्यावर सहा ते बारा आठवड्यांनीं रक्ताची एक तपासणी केली, तर कारण उघड होतें व मात्रा बदलतां येते. २०२४ सालीं जालन्यासही स्वतःचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय लाभलें. तेथील विद्यार्थ्यांस ही गांठ ठाऊक होईलच. परंतु दोन्ही डॉक्टरांसमोर दोन्ही औषधांचीं नांवें मांडणें हें घरच्या माणसांचें काम आहे, आणि त्यासाठीं कोणत्याही महाविद्यालयाची वाट पाहावयास नको.