रहस्यकथांतली मुंबई

मुंबई पाहायला निघालेल्या वाचकाला या शहरात घडणाऱ्या रहस्यकथा हव्या असतील, तर निवड मोठी आहे. पण त्यांतली प्रत्येक कथा वेगळ्या काळातली मुंबई दाखवते आणि त्या मुंबईची वेगळी दारे उघडते. प्रवासाची माहितीपुस्तके वाचकाला इमारतींच्या बाहेर उभे करतात; तपास करणाऱ्याला मात्र चाळीपासून बंगल्यापर्यंत कुठेही शिरावे लागते. म्हणून कादंबरी निवडताना तिचा नायक कोण आहे आणि त्याला कोणत्या घरात प्रवेश आहे, हे आधी पाहावे.

मराठीत ही वाट बाबूराव अर्नाळकरांनी रुंद केली. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयांतून त्या हातोहात फिरत आणि शाळकरी मुलांपासून गिरणी कामगारांपर्यंत सगळे त्या वाचत. झुंजार आणि काळापहाड हे त्यांचे नायक पोलिसांच्या परवानगीसाठी थांबत नाहीत. बंद वाड्यात ते स्वतःच्या हिमतीवर शिरतात. वेग हे या कथांचे बळ होते. त्यामुळे रस्त्यांचे आणि वस्त्यांचे बारकावे शोधणाऱ्याला त्यांत थोडेच सापडेल. पण सामान्य मराठी माणसाच्या स्वप्नातली मुंबई समजून घ्यायची असेल, तर सुरुवात इथूनच करायला हवी.

इंग्रजीतली गोष्ट विलक्षण आहे. ब्रिटिश लेखक एच. आर. एफ. कीटिंग यांच्या आधीच्या कादंबऱ्या अमेरिकी प्रकाशकांना फारच ब्रिटिश वाटत होत्या. म्हणून त्यांनी दूरची पार्श्वभूमी निवडली आणि मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेतला गणेश घोटे हा इन्स्पेक्टर उभा केला. ‘द परफेक्ट मर्डर’ १९६४ मध्ये आली आणि ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचा गोल्ड डॅगर पुरस्कार मिळवून गेली. तोवर कीटिंग यांनी भारतात पाऊलही ठेवले नव्हते. सगळी मुंबई त्यांनी वाचून आणि ऐकून रचली होती. पुढे हे कळल्यावर एअर इंडियाने त्यांना मुंबईला येण्याचे निमंत्रण दिले आणि पहिल्या कादंबरीनंतर सुमारे दहा वर्षांनी त्यांनी हे शहर प्रथम पाहिले. चित्रपटसृष्टीवरची ‘फिल्मी, फिल्मी, इन्स्पेक्टर घोटे’ १९७६ ची, म्हणजे या भेटीनंतरची.

न पाहिलेल्या शहराच्या तपशिलांवर किती विसंबायचे, हा प्रश्न रास्तच आहे. तरीही घोटेचे अवघडलेपण खरे वाटते. एका श्रीमंताच्या पारशी सेक्रेटरीवर झालेला हल्ला आणि मंत्र्याच्या टेबलावरून नाहीशी झालेली एक रुपयाची नोट, असे दोन तपास एकाच वेळी त्याच्या गळ्यात पडतात. मोठ्यांच्या दिवाणखान्यात तो दबून जातो, पण प्रश्न विचारायचे सोडत नाही.

विक्रम चंद्रा यांची ‘सेक्रेड गेम्स’ (२००६) नऊशेच्या आसपास पानांची आहे. सरताज सिंग हा शीख पोलीस अधिकारी आणि गणेश गायतोंडे हा टोळीप्रमुख यांच्या आडून ती जमिनीचे व्यवहार, झोपडपट्ट्यांचे राजकारण आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतरची दुभंगलेली मुंबई मांडते. वाचायला वेळ असेल, तर या शहरावरची याहून भरीव पोलीसकथा क्वचितच मिळेल.

प्रवेशाचा प्रश्न कथेच्या केंद्राशी आणला तो सुजाता मॅसी यांनी. ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) ही कादंबरी १९२१ च्या मुंबईत घडते. तिची नायिका परवीन मिस्त्री पारशी वकील आहे. तिला न्यायालयात उभे राहता येत नाही, कारण भारतात स्त्रियांना वकिलीचा मार्ग १९२३ च्या कायद्याने मोकळा झाला. मात्र पडद्यातल्या तीन विधवांशी समोरासमोर बोलणे तिलाच शक्य आहे. पुरुष पोलीस जनान्यात जाऊ शकत नाहीत. या पात्रामागे नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची प्रेरणा आहे. पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेचे हक्क जपण्यात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला. फोर्ट भागात फिरताना ही कादंबरी हाताशी असावी. तिथून पुढचा काळ हवा असेल, तर वसीम खान यांची ‘मिडनाइट अ‍ॅट मलबार हाऊस’ (२०२०) १९४९ च्या अखेरच्या रात्री सुरू होते; तिच्यात पर्सिस वाडिया ही महिला इन्स्पेक्टर तपास करते.

आजच्या मुंबईसाठी जेरी पिंटो यांची ‘मर्डर इन माहीम’ (२०१७) घ्यावी. माटुंगा रोड स्टेशनच्या स्वच्छतागृहात एका तरुणाचा मृतदेह सापडतो आणि निवृत्त पत्रकार पीटर डिसूझा तपासात ओढला जातो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या धाकाखाली जगणारी माणसे, त्या धाकाचा फायदा घेऊन पैसे उकळणारे आणि आपल्याच मुलाविषयी मनात शंका आलेला बाप अशी ही कथा आहे. पुस्तक आले तेव्हा तो कायदा लागू होता. संमतीच्या संबंधांपुरता तो सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केला.