तिरफळाची कुळकथा

देवबागात डोंगर नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पुळण. तरी इथल्या बांगड्याच्या तिखल्याला वास येतो तो डोंगराचाच.

तिरफळाचं झाड सह्याद्रीच्या उतारांवरचं. खोडभर जाड, टोकदार काटे; चढायचं म्हणजे अंग सोलून घ्यायचं. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, बांगडा येऊ लागतो आणि पाऊस ओसरता ओसरता बाजारात हिरव्या तिरफळांचे घोस दिसतात. उरलेली उन्हात वाळवायची. वाळली की फळ तोंड उघडतं, आतून काळी, चकचकीत बी डोकावते. दिसायला देखणी, पण ती फेकायची. गुण सगळा सालीत. ‘वाटू नको गो, ठेचून घाल,’ ही ताकीद प्रत्येक सुनेने ऐकलेली, कारण वाटपात गेलं की कालवण कडू होतं. शोभतं ते बांगडा, तारली असल्या तेलकट माशांना. पापलेटात तिरफळ घालणाऱ्याला माझ्या मते रांधायलाच बसवू नये.

तिखल्याचा लालभडक रंग पाहून मिरचीच घरची मालकीण वाटते. प्रत्यक्षात ती पोर्तुगीजांबरोबर १६व्या शतकात आली. तिरफळ त्याआधीपासून रानात उभंच होतं. चीनमधल्या सिचुआनातही हेच घडलं: मिरची नंतरची, हुआजिआओ आधीचं. हे हुआजिआओ आणि नेपाळचा टिमूर ही तिरफळाची चुलत भावंडं. सगळं कूळ लिंबाचं. हिरवी साल नखाने खरवडली की नातं नाकाला कळतं. जिभेला झिणझिण्या आणणं हाही घराण्याचाच गुण. २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी सिचुआनी भावंड लोकांच्या ओठांना लावून त्या मोजल्या: सेकंदाला सुमारे ५० कंपनं. दुखऱ्या दाताखाली तिरफळ धरायची जुनी रीत याच बधिरपणावर चालते.

शास्त्रीय नावातलं ‘रेट्सा’ मात्र तेलुगू. ‘रच्च’ म्हणजे गावाची बैठक, ‘मानु’ म्हणजे झाड. डोंगरातली माणसं या झाडाखाली जमून गावकीचे निर्णय घेतात, अशी नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने केली आणि तेच नाव ठेवलं. इतक्या काट्यांच्या झाडाखाली टेकून बसायची सोय नाही. सभा लवकर आटपत असतील.

देवबागात पाहुणा जेवायला बसला की हमखास अख्खं तिरफळ चावतो आणि डोळे विस्फारून पाण्याचा तांब्या शोधतो. पोरं हसतात. त्यांनी आपापली तिरफळं केव्हाच ताटाच्या कडेला, बांगड्याच्या काट्यांशेजारी काढून ठेवलेली असतात.