लेकीचंही देणं



'आईबाप मुलाकडे, लेक परक्याची' हे आपण लहानपणापासून ऐकलं. कायदा तसं म्हणत नाही. १९५६ चा हिंदू दत्तक व पोटगी कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे, आणि स्वतःचं भागत नसलेल्या म्हाताऱ्या आईबापाची जबाबदारी त्यात मुलासोबत मुलीवरही आहे.

तरी वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाच. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टरणीकडे वडिलांनी पोटगी मागितली. तेव्हाच्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ मध्ये 'त्याचे' आईवडील असं लिहिलं होतं, म्हणजे फक्त मुलाचे, हा तिच्या बाजूचा मुद्दा. १९८७ मध्ये कोर्टाने तो मानला नाही. लग्न झालं म्हणून लेकीचं लेकपण संपत नाही. मात्र तिचं स्वतःचं उत्पन्न हवं, नवऱ्याचं धरायचं नाही. ही अट मला फार मोलाची वाटते. आपल्यातल्या कितीजणींच्या नावावर काही असतं?

पुढे २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आला. त्यात साठी झाली की ज्येष्ठ. सावंगीला दवाखान्यात नव्वदीच्या आईची व्हीलचेअर ढकलणारी सत्तरीची लेक दिसते, गुडघे तिचेही गेलेले. कायद्याने ती स्वतः ज्येष्ठ आणि आईपुढे अजून 'मूल'च! घरून फोन येतो, किती दिवस राहणार तिकडे? ती आवाज बारीक करून बोलते.

त्याच कायद्यात 'मुलं' म्हणताना सज्ञान नातू-नातही धरलेत. तेव्हा एखादी खेप नातवालाही करू द्या की, त्याचे गुडघे अजून चांगले आहेत.