लायकी आणि कुवत

मोबाइलवर ‘अ‍ॅबिलिटी’चा अर्थ शोधला, की क्षमता, पात्रता, कुवत, लायकी असे शब्द एका ओळीत येतात. जणू कुठलाही उचलला तरी चालेल. पण अकोल्याच्या एखाद्या चौकात कुणी ‘तुही लायकी हाये का?’ म्हणालं, तर तिथे ‘क्षमता’ बसत नाही. भांडणच होतं.

इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिन ‘हॅबिलिस’, म्हणजे हाताळायला सोपं, कामाला सोयीचं. आपले ‘कुवत’ आणि ‘लायक’ मूळचे अरबी, फारसीतून मराठीत आलेले. इमादशाही, मुघल, निजाम अशा राजवटी पाहिलेल्या वऱ्हाडात ते घरचेच झाले. कुवत म्हणजे अंगातली ताकद. लायकी मात्र दुसरा ठरवतो. पुष्कळदा जात आणि घराणं बघून.

पंजाबराव देशमुख १८९८ साली अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी शेतकरी घरात जन्मले. ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था सुरू केली. खेड्यातल्या, बहुजनांच्या पोरांना आधी शाळा मिळू दे, कुवत मग दिसेलच, असा तो क्रम होता. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. १९६९ मध्ये अकोल्यात स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आज त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

पुढच्या वेळी कुणी लायकी काढली, तर एवढंच विचारा: संधी दिली होती का?