अमली पदार्थसेवनाचे निरपराधीकरण : पोर्तुगाल

अमली पदार्थांचे सेवन निषिद्धच ठेवून त्यावरील फौजदारी शिक्षा तेवढी रद्द करण्याचे धोरण. विक्रीचा परवाना देण्याहून ते सर्वस्वी भिन्न होय. हा भेद दुर्दैवाने वारंवार विसरला जातो. १९७४ च्या क्रांतीनंतर पोर्तुगालात हेरॉइनचे व्यसन इतके फैलावले, आणि एकाच सुईच्या सामायिक वापरातून एचआयव्हीचा संसर्ग असा बळावला, की कारागृह हा व्याधीवरील इलाज नव्हे, हे राज्यकर्त्यांस अखेर मान्य करावे लागले. १ जुलै २००१ पासून अंमलात आलेल्या कायद्यान्वये, दहा दिवसांच्या वैयक्तिक वापरापुरता साठा जवळ सापडलेल्या इसमास न्यायालयाऐवजी विधी, वैद्यक, मानसशास्त्र, समाजकार्य अशा क्षेत्रांतील तीन सदस्यांच्या मंडळापुढे उभे करतात. व्यापार मात्र पूर्ववत गुन्हाच आहे. पुढे सुईवाटे होणारा एचआयव्हीचा प्रसार झपाट्याने ओसरला. परंतु त्याचे श्रेय केवळ कायद्यास देणे अन्यायाचे ठरेल, कारण मेथॅडोन-उपचार, स्वच्छ सुयांचे वाटप आणि रस्तोरस्ती फिरणारे सेवक यांवाचून तो कायदा निव्वळ कागदच राहिला असता. भारतात मात्र १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमाच्या २७ व्या कलमान्वये सेवन आजही दंडनीय आहे; स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास ६४-अ कलम खटल्यापासून संरक्षण देते.